कॉलेज रोडचा आठ रविवारांचा वाचन वर्ग: पैसे वसूल झाले का?

मी सिन्नरची, एमपीएससीच्या (राज्य लोकसेवा आयोगाच्या) संयुक्त गट-ब परीक्षेची तयारी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. मागच्या पूर्व परीक्षेला साडेसहा मार्कांनी राहिले. अभ्यास कमी पडला असं कोणी म्हणू शकणार नाही, कारण अभ्यासिकेत सकाळी आठला माझी खुर्ची भरलेली असायची आणि रात्री लाइट बंद करणाऱ्यांत मी असायचे. पंचायत राजचं प्रकरण सहा वेळा वाचलेलं होतं, वहीच्या मागे तारखा लिहिलेल्या आहेत. तरी पेपरमध्ये प्रश्न समोर आला की वाटायचं हे मी वाचलंय, पानाच्या डावीकडे खाली होतं, पिवळं केलेलं होतं, पण काय होतं ते आठवत नाही. ज्यांना हे होतं त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

मग एका मैत्रिणीकडून या वाचन वर्गाचं कळलं. नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर भरतो, रिटायर झालेल्या एक मॅडम घेतात, आठ रविवार, सकाळी साडेआठ ते साडेअकरा, फी २४०० रुपये. बोर्ड नाही, जाहिरात नाही. मॅडमना बॅच चौदाच्या वर न्यायची नाहीये आणि फोनवर फोन आलेले त्यांना नको आहेत म्हणून नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यांना तसा शब्द दिलाय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे तुलना कशाशी करतेय ते कळेल. याच्याआधी मी एक स्पीड रीडिंगचं दोन दिवसांचं वर्कशॉप केलं होतं, हॉटेलच्या हॉलमध्ये, ५५०० रुपये भरून, आणि ते पैसे आईने भिशीतून काढून दिले होते. मिनिटाला हजार शब्द वाचाल असं सांगितलं होतं. बोट ओळीखालून झरझर फिरवायचं, मनातला आवाज बंद करायचा, मागे वळून बघायचं नाही, पान एका नजरेत टिपायचं. दोन दिवस मी खरंच मनापासून केलं. बोट जोरात फिरायला लागलं, पानं पण उलटायला लागली, आणि शेवटी जी टेस्ट घेतली त्यात सोप्या गोष्टीवरचे सोपे प्रश्न होते, ते न वाचताही सुटले असते. घरी येऊन अर्थशास्त्राचं पुस्तक त्या पद्धतीने उघडलं तर वीस पानं संपली आणि हातात काहीच नाही. आईला काय सांगायचं हा प्रश्न होता. त्या वर्कशॉपवाल्यांचं नाव घेत नाही, पण अशा ठिकाणी पैसे घालवायच्या आधी पुढचं वाचा म्हणून हे लिहितेय.

मॅडमच्या वर्गात पहिल्या रविवारी काहीच शिकवलं नाही. फोन एका स्टीलच्या डब्यात ठेवायला लावले आणि प्रत्येकाला एक झेरॉक्स दिली, दीड पानाची, महाराष्ट्रातल्या पंचायत राजसाठी नेमलेल्या वसंतराव नाईक समितीवर. मी मनात म्हटलं हे तर मला पाठच आहे. पाच मिनिटं वाचायला दिली, मग कागद परत घेतले, कोरा कागद दिला आणि म्हणाल्या आता जे वाचलंत ते लिहा.

मी चार ओळी लिहिल्या. १९६० ला नेमली, १९६१ ला अहवाल, त्रिस्तरीय पद्धत, १ मे १९६२ पासून अंमल. पेन थांबलं. आजूबाजूला बघितलं तर बाकीच्यांचं पण तसंच. मॅडम म्हणाल्या, आता सांगा, केंद्राची बलवंतराय मेहता समिती १९५७ ची, तिनेही तीन स्तरच सांगितले होते ना, मग महाराष्ट्राला तीन-चार वर्षांनी वेगळी समिती कशाला लागली, आणि दोघांत फरक काय. सगळे गप्प. आणि उत्तर त्याच दीड पानात होतं, आम्ही पाच मिनिटांपूर्वी वाचलेलं. मेहता समितीने खरी कामं करणारी पातळी पंचायत समिती ठेवली होती, जिल्हा परिषद सल्ला आणि देखरेखीपुरती, तिचा अध्यक्ष कलेक्टर. नाईक समितीने उलटं केलं, जिल्हा परिषदच ताकदवान केली, कलेक्टरला तिच्या बाहेर ठेवलं आणि कारभाराला मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. हे एक वाक्य समजलं की अर्धं प्रकरण आपोआप जागेवर बसतं. मी सहा वेळा या वाक्यावरून डोळे फिरवले होते आणि सहाही वेळा साल तेवढं उचललं होतं.

मला त्या दिवशी रडायला आलं, खोटं नाही सांगत. दोन वर्षं मी ज्याला वाचन म्हणत होते ते ओळखीचं पान परत बघणं होतं. मॅडमनी ते फार शांतपणे सांगितलं. पान पुन्हा बघितलं की ते ओळखीचं वाटतं आणि आपण त्या ओळखीलाच आठवण समजतो, पण परीक्षेत पान समोर नसतं, प्रश्न असतो. मग त्यांनी एक प्रयोग सांगितला, २००६ चा, अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिके यांनी केलेला. कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले, काहींनी उतारा परत वाचला, काहींनी परत न वाचता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर उलटं झालं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि परत वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे संध्याकाळी वाचून रात्री बरं वाटतं ते खरंच आहे, फक्त आपली परीक्षा रात्री नसते.

त्या दिवसापासून नियम एकच, दीड-दोन पानं झाली की पुस्तक पालथं ठेवायचं आणि कोऱ्या कागदावर लिहायचं किंवा कोणालातरी सांगायचं. मी आईला सांगायला लागले. ती भाकरी थापत असते आणि मी ओट्याजवळ उभी राहून सांगते. माझी आई सातवीपर्यंत शिकलीये, पण तिने मला नाईक समितीवर विचारलं, "मग कलेक्टरला बाहेर काढलं तर पैसे कोण देणार गं?" आणि मला उत्तर येत नव्हतं. परत पुस्तक उघडलं, जिल्हा परिषदेचं उत्पन्न आणि सरकारी अनुदान याचं पान शोधलं, आणि ते पान आता मी विसरणार नाही कारण ते मी उत्तर शोधायला वाचलं होतं.

दुसऱ्या रविवारी हेच नीट पद्धत म्हणून शिकवलं. ही पद्धत नवीन नाही, फ्रान्सिस रॉबिन्सन नावाच्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडलेली, आधी सगळं प्रकरण वरवर चाळायचं, मग मथळ्यांचे प्रश्न करायचे, मग वाचायचं, मग न बघता सांगायचं, मग उजळणी. इंटरनेटवर हे शंभर ठिकाणी मिळेल, मीही आधी वाचलं होतं आणि केलं नव्हतं. वर्गात फरक हा पडला की मॅडम मथळ्याचा प्रश्न लिहून घेतात आणि वाईट प्रश्न परत करतात. "पंचायत समितीची रचना" या मथळ्यावर मी लिहिलं, पंचायत समितीची रचना कशी असते. परत आला. हा प्रश्नच नाही, मथळ्याला प्रश्नचिन्ह लावलंय, म्हणाल्या. मग मी लिहिलं, माझ्या गणातून निवडून गेलेला माणूस पंचायत समितीत काय ठरवू शकतो आणि काय नाही. हा घेतला. चांगला प्रश्न काढायला त्या प्रकरणाचा थोडा विचार आधीच करावा लागतो, आणि वाचताना डोळे त्या उत्तराच्या मागे जातात, नुसते ओळीमागे ओळ सरकत नाहीत.

हायलायटरचा रविवार थोडक्यात सांगते. सगळ्यांनी आपापलं एक पुस्तक आणायचं होतं. माझं राज्यघटनेचं पुस्तक बघून त्या म्हणाल्या यात न रंगवलेल्या ओळी मोजायला कमी वेळ लागेल. २०१३ मध्ये डन्लोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या होत्या, त्यात अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या निघाल्या, आणि स्वतःची टेस्ट घेणं आणि अंतर ठेवून अभ्यास करणं या दोन सगळ्यात वर. आता मी पहिल्या वाचनाला हातात काहीच धरत नाही, दुसऱ्या वाचनाला पेन्सिल, आणि परिच्छेदाच्या बाजूला स्वतःच्या शब्दांत चार-पाच शब्द. पुस्तकातलाच शब्द उतरवला तर तो नोंद धरायचा नाही.

स्पीड रीडिंगचा विषय मीच काढला, माझे पैसे गेले होते ना. मॅडम तेव्हा जरा जास्त वेळ बोलल्या आणि मला तो अर्धा तास फार महत्त्वाचा वाटला. आपले डोळे ओळीवरून सरळ घसरत नाहीत, उड्या मारत जातात, प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा. आणि थांबल्यावर स्पष्ट दिसतं ते अगदी थोडं, हात लांब करून अंगठा धरला तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेपुरतं, त्याच्या बाजूची अक्षरं धूसर. म्हणून अख्खं पान एका नजरेत टिपणं डोळ्याच्या रचनेतच बसत नाही. मागे वळून बघणं हीसुद्धा वाईट सवय नाही, चांगल्या वाचकांच्या डोळ्यांच्या दर शंभर उड्यांतल्या दहा-पंधरा मागच्या दिशेनेच असतात, काहीतरी नीट लागलं नाही म्हणून. मनातला आवाज बंद केला तर अवघड मजकूर कमी समजतो. १९५९ पासून एव्हलिन वुड बाईंनी अमेरिकेत हे स्पीडचे क्लास गाजवले, पण २०१६ मध्ये रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र करून दाखवलं की वेग खूप वाढवला की समज कमी होते, दोन्ही फुकटात मिळत नाही. चाळणं वेगळं आणि वाचणं वेगळं, चाळायचं असेल तर खुशाल चाळा, पण त्याला वाचणं म्हणू नका, हे मॅडमचं वाक्य मी वहीवर लिहून ठेवलंय.

आणि ते मिनिटाला इतके शब्द वगैरे. इंग्रजीत मोठ्या माणसाचा माहितीपर मजकूर मनात वाचायचा वेग सरासरी मिनिटाला २३८ शब्द निघालाय, १९० अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये काढलेला आकडा आहे. पण तो आपल्याला जसाच्या तसा लावायचा नाही, कारण मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. "जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांसमोरसुद्धा" हे आपले तीनच शब्द, इंग्रजीत याचे आठेक होतील. म्हणजे मराठी वाचणारी मुलगी १५० वर आहे म्हणून ती हळू, असं होत नाही. मी उगाच दोन महिने घड्याळ लावून स्वतःला मंद समजत होते.

आता चौथा रविवार, जो माझ्या मते या सगळ्या वर्गाचा गाभा आहे आणि ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू इतका लांब लिहितेय.

मॅडमनी द्राक्षांवरचा एक उतारा दिला. आमच्या बॅचला पिंपळगाव बसवंतचा एक दादा होता, घरची चार एकर बाग. तो आमच्यात सगळ्यात हळू वाचणारा, इंग्रजी तर फारच अडखळत, आणि स्वतःला कायम मागे धरून असायचा. उताऱ्यात ऑक्टोबर छाटणी, पोंगा अवस्था, डाउनी आणि भुरी हे रोग, ढगाळ हवा आणि पहाटेचं दव असं सगळं होतं. मी तो दोनदा वाचला. प्रत्येक वाक्य समजलं होतं असं मला वाटत होतं. प्रश्न आले तेव्हा दहापैकी चार बरोबर. दादाचे दहापैकी दहा, आणि एकदाच वाचून. वर त्याने सांगितलं की उताऱ्यात लेखकाने एक गोष्ट गृहीत धरलीये, बोललेला नाहीये, की छाटणी लवकर घेतली तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते म्हणून फवारणी वाढते. ते वाक्य उताऱ्यात नव्हतंच. त्याने ते घरून आणलं होतं.

मॅडम म्हणाल्या, हे बघा, हा हळू वाचणारा मुलगा. मग १९८८ चा एक प्रयोग सांगितला, रेक्ट आणि लेस्ली यांचा, सातवी-आठवीतली ६४ मुलं, बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा. ज्यांचं वाचन कच्चं पण खेळ माहीत होता, ती मुलं वाचन पक्कं पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. समजणं हे निम्मं आधी डोक्यात काय आहे त्यावर अवलंबून असतं. आयोगाच्याच राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरला ८० प्रश्न, २ तास, ३३ टक्के मिळाले की पात्र, आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवरचे. मुलं म्हणतात उताऱ्यांचा सराव केला की झालं. सराव पाहिजेच, पण उतारा कशावर येईल ते कोणाला माहीत, शेती, तत्त्वज्ञान, पाणी, बँका, काहीही. म्हणून मॅडमची सक्ती आहे की वर्ग चालू असेपर्यंत रोज अभ्यासक्रमाबाहेरचं एक काहीतरी वाचायचं, आणि कुठल्यातरी वाचनालयाचं सभासद व्हायचं. नाशिकमध्ये १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे आणि आपण गाइडच्या दुकानाबाहेर रांग लावतो, हे त्यांना मनापासून लागतं, आवाजात कळतं.

दादाचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता. पुढच्या रविवारी तो पहिल्या बाकावर बसला. मला वाटतं वाचता येत नाही असं स्वतःबद्दल धरून बसलेली किती मुलं निफाड, दिंडोरी, सुरगाण्यातून नाशिकला येत असतील, आणि त्यांना कोणी एकदा त्यांच्या माहितीतला उतारा देऊन बघितलेलं नसतं.

पाचव्या रविवारी मागच्या परीक्षेची स्वतःची प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आणायची होती. संयुक्त पूर्वला १०० प्रश्न आणि एक तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, त्यात प्रश्न वाचणं, विचार, गोल रंगवणं सगळं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचं, माहीत नव्हतं म्हणून चुकलं, आठवलं नाही म्हणून चुकलं, की वाचलंच चुकीचं. माझे ३१ चुकले होते. त्यातले ९ वाचून चुकलेले निघाले. "अयोग्य विधान कोणते" विचारलंय आणि मी पहिलं बरोबर विधान दिसल्यावर टिक करून पुढे गेलेय. एकात पंचायत राजच्या ७३ व्या घटनादुरुस्तीबद्दल होतं, अकराव्या अनुसूचीत २९ विषय, हे मला झोपेतही येतं, आणि बरोबर विधान म्हणून तेच निवडलं, शोधायचं चुकीचं होतं. चूक विधान खाली होतं, त्यात अंमलाच्या २४ एप्रिल १९९३ या तारखेऐवजी ७४ व्या दुरुस्तीची १ जूनची तारीख टाकली होती. तीही मला माहीत होती. चूक उत्तराला पाव मार्क वजा. ९ मार्क आणि वर सव्वादोन, म्हणजे सव्वाअकरा. मी राहिले होते साडेसहाने.

हा हिशोब करताना हात थंड पडले होते. दोन वर्षांत मला कोणी हे करायला सांगितलं नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, मी प्रत्येक नापास झालेल्या पेपरनंतर अजून एक पुस्तक विकत घेत होते. आता मी प्रश्न वाचताना शेवटच्या शब्दाशी थांबते, तिथे बोट ठेवते, मनात म्हणते "चुकीचं शोधतेय" किंवा "बरोबर शोधतेय", मग पर्यायांकडे जाते. केवळ, फक्त, सर्व, पैकी हे शब्द दिसले की वेग कमी. दोन सेकंद जातात. गेल्या सहा टेस्टमध्ये वाचून चुकलेले प्रश्न नवावरून दोन-तीनवर आलेत.

बाकीचे तीन रविवार ठीक होते. एक मोबाइलवर वाचण्याबद्दल, २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो असं निघालं, वेळेचं बंधन असेल तर फरक वाढतो. मी लगेच सगळे पीडीएफ प्रिंट काढायला गेले नाही, परवडत नाही, पण जे अवघड आहे तेवढं कागदावर आणि चालू घडामोडी मोबाइलवर अशी वाटणी केलीये. एक उजळणीचं, एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला होता तिथून सुरू करून, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी असं मॅडमचं स्वतःचं वेळापत्रक. शेवटचा पूर्ण पेपर.

आता जे आवडलं नाही ते.

इंग्रजीला फक्त अर्धा रविवार. आमच्यातल्या निम्म्या मुलांची खरी अडचण तिथे आहे, इंग्रजी पुस्तक वाचताना दर ओळीला शब्द अडतो, त्याचं काय करायचं हे नीट झालं नाही. प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघू नका एवढं सांगून पुढे गेलो. मी मॅडमना हे तोंडावर सांगितलं, त्या म्हणाल्या बरोबर आहे, वेगळी बॅच करायचा विचार आहे. अजून झालेली नाही.

विज्ञानाचे उतारे कमजोर आहेत. इतिहास, राज्यशास्त्र, शेती यात मॅडमचा हात चालतो, आकृती आणि तक्ते कसे वाचायचे हे आलंच नाही, आणि भूगोलात नकाशा वाचणं हा मोठा भाग असतो, तोही नाही.

झेरॉक्स काही ठिकाणी इतकी फिकट की अनुस्वार दिसत नाहीत, वाचनाच्या वर्गात हे व्हायला नको. फी एकरकमी घेतात, दोन हप्ते केले तर बऱ्याच मुलींना सोपं जाईल. बाहेरगावच्यांना साडेआठची वेळ जड जाते, मी सिन्नरहून पहाटेच निघायचे, नाशिकरोड, द्वारका करत एसटीने सीबीएस स्टँड आणि तिथून सिटीलिंकची शहर बस, तरी दोनदा उशीर झाला आणि उशीर झाला की पहिलं वाचन संपेपर्यंत बाहेर जिन्यात बसावं लागतं. नियम सगळ्यांना सारखा आहे, तक्रार नाही, पण माहीत असावं.

कोणी जाऊ नये तेही सांगते. वेग पाहिजे असेल तर जाऊ नका. घरी रोज तासभर लिहायची तयारी नसेल तरी नका जाऊ, कारण वर्गात फक्त दाखवतात, खरं काम घरच्या कोऱ्या कागदावर होतं, आमच्यातल्या तिघांनी ते केलं नाही आणि ते तिसऱ्या रविवारी होते तिथेच राहिले. दहावीच्या खालच्या मुलांना मॅडम घेत नाहीत. एक ताई पाचवीतल्या मुलाला घेऊन आल्या होत्या, त्याला अक्षरं उलटी दिसतात, वाचताना ओळ सुटते, सगळे त्याला आळशी म्हणत होते. मॅडमनी फी घेतली नाही, अर्धा तास बसून समजावलं की हा सरावाचा विषय नाही, आधी डोळे आणि मग अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळही मिळतो. त्या ताई रडत होत्या पण जाताना मुलाचा हात धरून गेल्या, येताना तो मागे चालत होता.

पैशांचं म्हणाल तर २४०० मध्ये २४ तास, तासाला शंभर रुपये. मला पाचपैकी साडेचार द्यावेसे वाटतात, अर्धा इंग्रजीसाठी कापला. माझा निकाल अजून यायचाय, त्यामुळे पास झाले म्हणून लिहितेय असं नाही. पण पूर्वी रात्री अभ्यासिकेतून निघताना आज किती पानं झाली ते मोजायचे, आता आज काय काय न बघता सांगता आलं ते मोजते, आणि तो आकडा लहान असला तरी खरा आहे हे मला कळतं.

जाणार असाल तर तीन गोष्टी. स्वतःची जुनी प्रश्नपत्रिका शोधून ठेवा, रद्दीत दिली असेल तर आयोगाच्या वेबसाइटवर प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका मिळतात, पण स्वतः काय रंगवलं होतं ते माहीत असायला हवं. मोठ्या बाकावर बसा, खिडकीकडच्या बाजूला रस्त्याचा आवाज येतो. आणि पहिल्या रविवारच्या आधी डोळे तपासून घ्या, आमच्या चौदातल्या चौघांचा नंबर वाढलेला निघाला आणि त्यातली एक मी होते.